धुण्याच्या टोपलीतून उभी राहिलेली बँक

१५ डिसेंबर हा मॅगी लीना वॉकर यांचा स्मृतिदिन. १९३४ साली याच दिवशी अमेरिकेतील रिचमंड शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाच्या कानावर नाही. बँकेची सनद मिळवून तिच्या अध्यक्षपदी बसलेली अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री, एवढी त्यांची ओळख परदेशातील पुस्तकांत सापडते. पण तेवढ्याने ही बाई कळत नाही. ज्या हातांनी त्यांनी बँकेच्या कागदांवर सह्या केल्या, त्याच हातांनी लहानपणी गोऱ्यांच्या घरची धुणी पोचवली होती आणि उतारवयात नातवंडांना मांडीवर घेतले होते. वाचक भगिनींनो, आज ही हकीकत आपल्यासाठी मुद्दाम देत आहोत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे आपण जाणतो. त्या वर्षी मॅगी नऊ वर्षांची होती. ज्यांच्या मुक्तीचा जोतीरावांना एवढा आनंद झाला, त्या माणसांपैकीच तिची आई एक.

आईचे नाव एलिझाबेथ ड्रेपर. ती गुलामीत जन्मलेली. रिचमंडच्या एका धनाढ्य घरी ती स्वयंपाकघरात काम करी. घराची मालकीण एलिझाबेथ व्हॅन ल्यू ही गोरी असूनही गुलामगिरीच्या विरोधातली होती आणि यादवी युद्धात गुलाममालकांच्या राज्यांविरुद्ध तिने हेरगिरी केली. रिचमंड ही त्या राज्यांची राजधानी! सिंहाच्या जबड्यात बसून दात मोजण्यासारखेच ते काम. मॅगीचा जन्म त्या युद्धाच्या धामधुमीत, १५ जुलै १८६४ रोजी झाला. जन्मदाता बाप गोरा होता. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी असल्याने त्या नात्याला घर मिळाले नाही. पुढे आईने त्याच वाड्यातील काळा नोकर विल्यम मिचेल याच्याशी लग्न केले. विल्यमला एका हॉटेलात वेटरांच्या प्रमुखाची नोकरी लागली, स्वतंत्र बिऱ्हाड झाले, धाकटा भाऊ जॉनी जन्मला. दिवस बरे चालले होते.

१८७६ साली विल्यम नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचे प्रेत नदीत सापडले. पोलिसांनी आत्महत्या म्हणून कागद बंद केला. त्याला कुणीतरी मारले, असे आईचे म्हणणे होते. काळ्या विधवेचे म्हणणे ऐकतो कोण?

मग आईने धुणी धरली. गोऱ्यांच्या घरून मळके कपडे आणायचे, पाणी तापवायचे, उकळायचे, चोळायचे, खळ द्यायची, इस्त्री करायची आणि घड्या मोडू न देता परत पोचवायचे. पोचवण्याचे काम बारा वर्षांच्या मॅगीकडे. शिवाय धाकट्या भावाला सांभाळणे होतेच. मोठेपणी भर सभेत त्या सांगत, माझ्या तोंडात चांदीचा चमचा नव्हता, डोक्यावर धुण्याची टोपली होती. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. आपल्यात दोन पैसे हाती आले की आईने भांडी घासली हे सांगायला लाजणारी मंडळी आहेत, म्हणून हे ठळकपणे लिहिले.

टोपली डोक्यावर असतानाही शाळा सुटली नाही. १८८३ साली ती शिक्षिका होण्याची परीक्षा पास झाली. गोऱ्या मुलांचा पदवी समारंभ शहराच्या नाट्यगृहात होई, काळ्यांचा चर्चमध्ये. त्या वर्षीच्या वर्गाने नकार दिला. आमचे आईबापही कर भरतात, मग आम्हालाही नाट्यगृह हवे, असा त्यांचा दावा. नाट्यगृह देऊ, पण काळ्या-गोऱ्यांनी वेगवेगळे बसायचे, असा तोडगा आला; तो त्यांनी धुडकावला आणि शेवटी समारंभ शाळेच्याच सभागृहात झाला. त्या मुलांमध्ये मॅगी होती. नंतर तीन वर्षे तिने शाळेत शिकवले. १८८६ साली आर्मस्टेड वॉकर या बांधकामाच्या ठेकेदाराशी लग्न झाले आणि नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईने शिक्षिका राहायचे नाही, असा तिथला नियम होता.

एकतीस डॉलर, एकसष्ट सेंट

शाळकरी वयातच मॅगी एका संस्थेची सभासद झाली होती. तिचे नाव इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक. नाव भारदस्त असले तरी काम आपल्या ओळखीचे आहे. चाळीचाळीतून मयत फंड असतो, दर महिन्याला वर्गणी, कुणी आजारी पडले तर मदत, कुणी गेले तर मर्तिकाचा खर्च, अगदी तसेच. गुलामीतून सुटलेल्या माणसांना दोन भीती होत्या. अंथरुणाला खिळलो तर खाणार काय, आणि मेलो तर बेवारशासारखे पुरतील. गोऱ्यांच्या विमा कंपन्या त्यांना दारात उभे करीत नसत. म्हणून काळ्या समाजाने अशा संस्था स्वतःच काढल्या.

१८९९ साली मॅगीबाई या संस्थेच्या मुख्य चिटणीस झाल्या. तेव्हा सभासद होते १,०८०, तिजोरीत शिल्लक ३१ डॉलर ६१ सेंट, आणि डोक्यावर ४०० डॉलरचे कर्ज. बाईंनी आधीच्या चिटणिसांच्या एक तृतीयांश पगार घेतला, महिना आठ डॉलर. त्यात वर्गणी गोळा करणे, कोण खरोखर आजारी आहे याची खात्री करणे, हिशेब लिहिणे, मयताचे पैसे घरपोच करणे, सगळे आले.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९०१ च्या वार्षिक सभेत त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: आपले वर्तमानपत्र, आपली बँक, आपल्या बायांना काम देणारा आपला धंदा. बँकेबद्दलचे त्यांचे म्हणणे साधे होते. आपण आपले पैसे गोऱ्यांच्या बँकेत टाकतो, ते आपल्याच पैशावर श्रीमंत होतात आणि आपल्याला कर्ज देत नाहीत. मग आपली चिल्लर आपणच एकत्र का करू नये? चिल्लर हा शब्द इथे महत्त्वाचा. अमेरिकेत शंभर सेंटांचा एक डॉलर. एका सेंटाला पेनी म्हणतात. बाईंनी बँकेचे नावच ठेवले सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक.

बाई नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. बँकेचे काम कसे चालते हे शिकण्यासाठी त्या शहरातील एका गोऱ्यांच्या बँकेत काही महिने जाऊन बसत होत्या. वय चाळिशीच्या जवळ, घरी दोन मुलगे, म्हातारी आई. (मधला एक मुलगा तान्हा असतानाच गेला होता.) वर्तमानपत्र १९०२ मध्ये निघाले. २ नोव्हेंबर १९०३ रोजी बँकेचे दार उघडले. पहिल्याच दिवशी आठ हजार डॉलरांहून अधिक ठेव जमली. त्यात एका ठेवीदाराचे खाते अवघ्या ३१ सेंटांनी उघडले. ते पैसेही तितक्याच अदबीने घेतले गेले. धुणेवाल्या, स्वयंपाकिणी, तंबाखूच्या कारखान्यात राबणाऱ्या बाया, हमाल, यांच्या पैशावर ही बँक उभी होती.

आणि मुले! लहान मुलांना पैसे साठवायला बँक छोटे गल्ले वाटत असे. शंभर सेंट जमले, म्हणजे एक डॉलर झाला, की खाते उघडायचे. वर्तमानपत्रे विकून, गवत कापून, निरोप्याचे काम करून मुले पैसे आणत. मॅगीबाई एका मुलाची हकीकत आवडीने सांगत. तो एका पायाने अधू होता, रस्त्याच्या कोपऱ्यावर उघड्यावर भाड्याची खुर्ची मांडून बुटांना पॉलिश करी. संस्थेने त्याला बचतीची सवय लावली. पन्नास डॉलर साठल्यावर तीन खुर्च्यांची एक छोटी जागा भाड्याने मिळवून दिली. सात वर्षांनी त्याचे स्वतःचे बारा खुर्च्यांचे दुकान होते, आणि त्याने आईसाठी १,९०० डॉलरांचे घर घेतले होते, कर्जाची पै न ठेवता. त्याच्या खात्यात पाचशे डॉलर कायम शिल्लक असत.

मॅगीबाईंचे औदार्य म्हणतात ते हे. दान त्या करीतच. मुलींच्या शाळांना, तुरुंगाच्या वाटेला लागलेल्या काळ्या मुलींसाठी जेनी पोर्टर बॅरेट यांनी काढलेल्या आश्रमशाळेला त्यांनी आणि त्यांच्या महिला परिषदेने हजारो डॉलर जमवून दिले. पण ज्याला पॉलिशवाल्याला नाणे फेकून पुढे जाता आले असते, त्याने थांबून त्याच्याबरोबर हिशेब करत बसणे, हे नाण्यापेक्षा महाग दान आहे. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जातून सहाशेच्या आसपास काळ्या कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली. मालकाने केव्हाही बाहेर काढावे अशा खोलीत ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

सगळेच यशस्वी झाले असे नाही. १९०५ मध्ये त्यांनी मोठे कापडचोपडाचे दुकान काढले, सेंट ल्यूक एम्पोरियम. हेतू असा की, काळ्या मुलींना धुणी-भांडी आणि तंबाखू यांपलीकडे काउंटरवर उभे राहण्याची नोकरी मिळावी आणि काळ्या गिऱ्हाइकाला मागच्या दाराने जावे लागू नये. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकजूट केली, घाऊक माल देणाऱ्यांवर दडपण आणले. त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे आपलेच लोक थोडे स्वस्त मिळते म्हणून समोरच्या गोऱ्या दुकानात जात. बाईंनी एका भाषणात सांगितले की, द्वेषाचा सिंह आपल्याला खातो आहे आणि त्याला आपणच खाऊ घालतो आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकान मात्र १९११ मध्ये बंद पडले.

लेह स्ट्रीटवरचे घर

मला विचाराल तर बँकेपेक्षाही मोठी गोष्ट त्यांचे घर. १९०४ मध्ये वॉकर कुटुंबाने जॅक्सन वॉर्ड या काळ्यांच्या वस्तीत लेह स्ट्रीटवर घर घेतले. मुले मोठी झाली, सुना आल्या, नातवंडे झाली, तसतशा खोल्या वाढत गेल्या. शेवटी अठ्ठावीस झाल्या. म्हातारी आई एलिझाबेथ, मॅगीबाई, दोन मुलगे व सुना, नातवंडे, आणि घराचा गाडा हाकणारी मानलेली लेक पॉली. चार पिढ्या एका छपराखाली. पुस्तकांच्या खोलीत भिंतींवर काळ्या समाजाच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या. नातवंडे त्या चेहऱ्यांखाली खेळत वाढली. आपल्या घरांत भिंतीवर कुणाच्या तसबिरी असतात हे सांगायला नको.

या घरावर १९१५ च्या जूनमध्ये वीज कोसळली. (त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम.ए. झाले.) आजूबाजूला चोर फिरतो आहे अशी बातमी होती. थोरला मुलगा रसेल पिस्तूल घेऊन पाहायला गेला. अंधारात हालचाल दिसली. त्याने गोळी झाडली. समोर चोर नव्हता, त्याचे वडील होते. आर्मस्टेड वॉकर जागीच कोसळले.

विचार करा, त्या बाईने काय करावे? नवरा गेला, आणि गोळी झाडणारा पोटचा मुलगा. त्याच्यावर खुनाचा खटला भरला गेला. शहरभर कुजबुज सुरू झाली. संस्थेतील विरोधकांनाही संधी मिळाली. अशा घरची बाई चिटणीस नको, असा सूर निघाला. मॅगीबाई मुलाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. न्यायालयाने रसेलला निर्दोष सोडले. बाईंनी संस्थेच्या सभेला तोंड दिले आणि सभासदांनी त्यांना पदावर कायम ठेवले. ज्या माणसांच्या मयताचे पैसे त्यांनी वर्षानुवर्षे घरपोच केले होते, तीच माणसे त्या दिवशी सभागृहात होती.

पण कोर्टाने सोडले म्हणून मन सोडते का? रसेल त्या रात्रीतून बाहेर आला नाही. दारू जवळ केली. आईने त्याला घराबाहेर काढले नाही, तो शेवटपर्यंत त्याच छपराखाली राहिला. १९२२ मध्ये म्हातारी आई एलिझाबेथ गेली, १९२३ मध्ये रसेल गेला. मागे पत्नी हॅटी आणि लहानगी मुलगी. या नातीचे नाव आजीवरूनच ठेवले होते, मॅगी लॉरा.

विधवा सुनेला माहेरी धाडण्याची रीत अनेक घरांत असते. इथे उलट झाले. हॅटी घरातच राहिली, संस्थेच्या कामात शिरली आणि पुढे सासूबाईंच्या मागे संस्थेचा कारभार तिच्याकडे आला. धाकटा मुलगा मेल्विन याचीही मुले त्याच घरात. आजी दिवसभर कचेरीत, संध्याकाळी नातवंडांत. १९०७ च्या सुमारास पडल्यामुळे त्यांचा गुडघा दुखावला होता, तो कधी बरा झाला नाही. त्यात मधुमेह. १९२८ पर्यंत चाकाच्या खुर्चीवाचून हालता येईना. त्यांनी घराला लिफ्ट बसवून घेतली, खुर्ची आत जाईल असे टेबल करून घेतले, मोटारीतही तशीच सोय केली, आणि कामावर जाणे चालू ठेवले. लोक त्यांना लंगडी सिंहीण म्हणत. आजी घरी बसून आहे असे चित्र त्या नातवंडांनी पाहिलेच नाही.

त्या काळात राजकारणही सुटले नव्हते. स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तेव्हा काळ्या बायांची नावे मतदार यादीत लागावीत म्हणून त्या झटल्या. १९२१ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षणप्रमुखपदाची निवडणूक लढवली आणि हरल्या. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारी मंडळावर त्या होत्या. डॉ. डु बॉइस हे त्याच संघटनेचे थोर विद्वान. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. तेव्हा मॅगीबाई हयात नव्हत्या.

१९२४ मध्ये चिटणीसपदाची पंचवीस वर्षे झाली तेव्हा एकतीस डॉलर शिल्लक असलेल्या संस्थेचे सभासद पन्नास हजारांवर गेले होते, शाखा दीड हजार, मालमत्ता चार लाख डॉलरच्या घरात, आणि रिचमंडच्या कचेरीत पन्नास माणसे नोकरीला. त्यांत टाइपरायटरवर बसलेल्या, खातेवह्या लिहिणाऱ्या कितीतरी मुलींच्या आया धुणी धुणाऱ्या होत्या.

मग १९२९ ची महामंदी आली. अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या. रिचमंडमधील काळ्यांच्या दोन मोठ्या बँका तर आधीच, १९१० व १९२२ मध्ये बुडालेल्या, आणि गरिबांच्या ठेवी त्यांत गेलेल्या. मॅगीबाईंनी आपला मोठेपणा बाजूला ठेवला. शहरातल्या उरलेल्या दोन काळ्या बँकांशी बोलणी करून तिन्ही एकत्र केल्या. नव्या बँकेच्या नावात सेंट ल्यूक उरले नाही, अध्यक्षपद दुसऱ्याला गेले, बाई संचालक मंडळाच्या प्रमुख राहिल्या. नाव गेले, पण ठेवी वाचल्या. आपल्याकडच्या पतपेढ्यांत आणि मंडळांत खुर्चीवरून होणारी भांडणे आठवली की हा प्रसंग वारंवार सांगावासा वाटतो. ही बँक कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट कंपनी या नावाने पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ काळ्यांच्या हाती चालली. २००५ मध्ये ती वॉशिंग्टनच्या एका बँक समूहाने घेतली.

मधुमेहाने शेवटी पाय सडला आणि १५ डिसेंबर १९३४ रोजी मॅगीबाई गेल्या. रिचमंडने इतकी मोठी काळ्या माणसाची अंत्ययात्रा क्वचितच पाहिली असेल. २०१७ साली त्यांच्या जन्मदिनी, १५ जुलैला, शहरातील ब्रॉड स्ट्रीटवर त्यांचा दहा फुटी ब्राँझचा पुतळा बसवला गेला. एम्पोरियम होते तो रस्ताही ब्रॉड स्ट्रीटच.

नात मॅगी लॉरा डॉक्टर झाली. लेह स्ट्रीटवरचे घर कुटुंबाने सामानसुमानासह जपून ठेवले आणि १९७९ मध्ये सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या स्वाधीन केले. आता ते पाहायला शाळांच्या सहली येतात. पुस्तकांच्या खोलीतल्या तसबिरी, आजीची चाकाची खुर्ची आणि तिच्यासाठी बसवलेली लिफ्ट मुलांना दाखवतात.